बोल्ट माझ्या पर्समध्ये होता
जवसाच्या तेलाचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. काकांनी शिकारीची त्यांची जुनी रायफल पोटच्या मुलाला न देता मला दिली, कारण घरात नेमबाजी मी एकटीच शिकले होते. लायसन माझ्या नावावर झालं तशी मी कन्नड गावाला जाऊन तिला चामड्याचा नवा पट्टा शिवून आणला, लाकडी दस्त्याला आठ दिवस जवसाचं तेल चोळलं, माझी नखं पिवळी पडली. दसऱ्याला गारखेड्यात काकांच्या घरी ती शस्त्रपूजेला नेली. पूजेआधी हत्यार निकामी करायचं ही काकांची शिस्त, म्हणून ज्याच्याशिवाय गोळीच सुटत नाही तो बोल्ट काढून मी पर्समध्ये ठेवला. हळदीकुंकू लागलं न लागलं तोच काकांच्या फेटा बांधलेल्या मुलानं, माझ्या चुलतभावानं, रायफल उचलून खांद्याला लावली आणि आरतीचं ताट माझ्या हातात दिलं. "ताई, तू ओवाळ. हे गड्याचं काम हाय." सगळे हसले, फोटो निघाले. वाटलं, ते ताट त्याच्या फेट्यावरच उपडं करावं. काका रायफलीकडं बघत माझ्याजवळ सरकले. "बोल्ट कुठंय?" "पर्समध्ये." "राहू दे तिथंच," ते हळूच म्हणाले. भावानं तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कौतुकानं दाखवतो, आणि त्यातली बोल्टाच्या जागेवरची ती रिकामी खाच मी दर दसऱ्याला बघून येते.