ठमाबाईचा शेवटचा नंबर

गंगापूर रोडच्या कोपऱ्यावर सकाळी भाजीवाल्या बसतात, त्या ठमाबाईला 'मॅनेजरबाई' म्हणायच्या. थट्टेनं म्हणायच्या, पण घामाचा पैसा तिच्याच हातात द्यायच्या. बारा जणींची भिशी ती चालवायची. दर महिन्याला प्रत्येकीनं ठरलेली रक्कम टाकायची, आणि ज्या महिन्यात जिचा नंबर, त्या महिन्याचे सगळे पैसे तिचे. भिशीचं वर्ष दिवाळी ते दिवाळी, सुरुवातीलाच चिठ्ठ्या टाकून नंबर लागायचे. भिशी चालवणारीनं पहिला नंबर घ्यायचा, ही सगळीकडची रीत. ठमाबाई चिठ्ठीबिठ्ठी न काढता शेवटचा घ्यायची.

"आधी घेतला की लोकांची तोंडं सुटत्यात," म्हणायची.

बाई तशी कडक. कोथिंबिरीच्या जुडीमागं रुपया सोडणार नाही. पण तिच्या भिशीतून उज्वलाची शिलाई मशीन आली, विठाबाईची पोरगी नर्सिंगला गेली, आणि कधी कुणाची दमडी बुडाली नाही. ठमाबाईकडं पैसे टाकले की बायका बिनघोर झोपायच्या.

नियम एकच. नंबर बदलायचा नाही. दोन वर्षांमागं वादळात कुसाबाईच्या घराचे पत्रे उडाले. ती रडतच आली, "अक्का, माझा नंबर तेवढा अलीकडं घ्या." ठमाबाईनं साफ नाही म्हटलं. आज हिला दिला तर उद्या दुसरी दारात उभी, मग कसली भिशी अन् कसलं काय! कुसाबाईची लेकरं मात्र तिनं स्वतःच्या घरात झोपवली, पत्रे बसेपर्यंत दोन्ही वेळा जेवू घातली. नंबर काही दिला नाही.

यंदा पावसाळा सरता सरता तिच्या नवऱ्याच्या, गोटीरामच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची नळी चोंदलीय, लवकर उघडून घ्या, लांबवू नका. साठवलेलं सगळं पोरीच्या लग्नात नुकतंच गेलं होतं. ठमाबाईचा नंबर थेट दिवाळीत. त्या महिन्याचा नंबर उज्वलाचा होता, आणि तिला काय घ्यायचं होतं, तर नवा फ्रिज! नुसता शब्द टाकला असता तर तिनं उभ्या उभ्या पैसे काढून दिले असते.

गोटीराम म्हणालाही, "अगं, उज्वलीला इचारून तर बघ."

"कोणत्या तोंडानं इचारू? कुसाबाईला नाय म्हणलेय मी."

काय म्हणावं या बाईला! आणि तो गोटीराम तरी भांडायचा की नाही? त्यानं आयुष्यात कधी तिचा शब्द खाली पडू दिला नव्हता. "ऱ्हाऊ दे मग," तो म्हणाला. "दिवाळी काय लय लांब नाय."

घरात काय चाललंय, हे तिनं बायकांना कळूच दिलं नाही. दसऱ्यानंतर एका सकाळी गोटीराम ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसला होता. ठमाबाई चहा घेऊन बाहेर आली, तर तो भिंतीला टेकून होता आणि जुडी हातात तशीच होती. हाका मारून तिचा घसा बसला.

दिवाळीच्या तोंडावर बायका पैसे घेऊन तिच्या घरी आल्या. कुसाबाईनं रुमालातलं पुडकं तिच्या मांडीवर ठेवलं. आजवर ठमाबाईनं दोनदा मोजल्याशिवाय पैशाला हात लावला नव्हता. त्या दिवशी तिनं रुमालाची गाठसुद्धा सोडली नाही.

"अक्का, एकदा म्हणायचं तरी," कुसाबाई रडत म्हणाली.

"तुला नाय म्हणले व्हते गं मी. मग माझ्यासाठी कसं मागू?"

"अक्का, मला पत्रे पायजे व्हते. पत्रे मागनं आलेच की."

ठमाबाईनं ओट्याकडं पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. पुडकं मांडीवरून घरंगळून खाली गेलं. उचलायला कुणीच वाकलं नाही.