हळदी झगा

आमचं रंगाऱ्याचं घर म्हैसूरच्या अग्रहारात. पुढे दुकान, मागे भट्टी. नजरबादच्या बाजूला मिशनरी फादरांचा मठ होता. तिथले एक वसईचे फादर आमच्याकडे येत. म्हैसुरात मराठी बोलायला मिळतं म्हणून येतात, असं अप्पा म्हणत. मला वाटे, आईच्या कॉफीसाठी. दर रविवारी ते बसनं कृष्णराजनगरकडच्या खेड्यांत जाऊन मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, करत, आजाऱ्यांना औषधं देत.

त्यांच्या उपासाच्या चाळीस दिवसांसाठी मिस्सेचा जांभळा झगा आम्हीच रंगवून दिला होता. ईस्टर जवळ आला तसा त्यांनी जुना पांढरा रेशमी झगा आणून दिला. पिवळट पडलेला. गंधकाची धुरी देऊन पांढराशुभ्र करायचा होता. अप्पा लग्नाला परगावी गेलेले, काम माझ्यावर. मी वीस वर्षांची, स्वतःला फार शहाणी समजणारी. एवढा मोठा सण आणि अंगावर पांढरं? आमच्यात ते विधवेला. कोणाला न विचारता मी झगा छान हळदी रंगवून टाकला.

शनिवारी अप्पा परतले, दोरीवरचा झगा पाहून मटकन खाली बसले. "अय्यो, काय केलीस गं? त्यांच्या हब्बाला, एवढ्या सणाला, पांढराच लागतो." तेवढ्यात फादर दारात. दुसरा पांढरा झगा त्यांच्याकडे नव्हता आणि ईस्टरच्या रात्रीच्या मिस्सेसाठी त्यांची खेड्याची बस तासाभरात सुटणार होती.

फादरांनी झगा उन्हात धरून पाहिला. "मोठ्या सणाला आमच्यात सोनेरी चालतं," म्हणाले, आणि घडी करून पिशवीत घातला. मी सुटले. वर मनात म्हटलं, बघा, माझंच बरोबर होतं.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. वरून पत्र आलं की एक ट्रंक उचलून निघायचं, बाकी सगळं मठात ठेवायचं, ही त्यांची रीत. निरोप घ्यायला आले तेव्हाही झग्याचा विषय निघाला नाही.

त्यांच्या जागी आलेले तरुण फादर तोच झगा घेऊन आले. रंग उतरवून मिळेल का, असं विचारत होते. मी तोऱ्यात म्हटलं, सोनेरी चालतं ना तुमच्यात?

"सोनेरी म्हणजे जरीचा, ताई. हा घातला म्हणून आधीच्या फादरांना मठात सगळ्यांसमोर बोलणी बसली. रंगाऱ्याला मीच नीट सांगितलं नाही, म्हणाले ते."

दोन दिवस मी रंग उतरवत होते. शिवणींतला पिवळा काही निघेना. भट्टीपाशी बसून रडले. मग मठात जाऊन जुन्या फादरांचा नवा पत्ता आणला. चूक माझी होती, एवढंच लिहायला मला चार कागद फाडावे लागले.