दगडी कापूस

कोंडाजीभाऊंचा खोकला थांबला की मला जास्त भीती वाटते. आमच्या दोन घरांत भिंत एकच. आवाज बंद झाला की मी कान देऊन बसते, आणि मग शेजारी झोपलेल्या माझ्या चार वर्षांच्या करुणाचा श्वास ऐकते.

बहात्तरच्या दुष्काळानंतर कोंडाजी गांगुर्डे सिन्नरकडचं गाव सोडून सातपूरच्या एका कारखान्यात लागले. वाफेच्या पाइपांतली उष्णता वाया जाऊ नये म्हणून तिथे त्यांवर अ‍ॅस्बेस्टॉसचा थर चढवतात. बॉयलरचं तेल महागलं तसा या कामाला मान आला. ते म्हणायचे, "माझ्या हातानं मालकाचं तेल वाचतं, ताई." त्या तंतूंना कामगार दगडी कापूस म्हणतात. कोंडाजीभाऊ त्याला काडी लावून दाखवायचे. "बघा! जळत नाय, सडत नाय. माणसापरीस बरं हाय."

आमच्या बुद्धविहारामागे पत्र्याची बालवाडी आहे. भाऊंची बायको, चांगुणावहिनी, ती चालवतात. गेल्या उन्हाळ्यात तिथे दोन मुलं चक्कर येऊन पडली. तेव्हा भाऊंनी कारखान्यात टाकून दिलेला कापूस गेटपास न घेता पोत्यांतून आणला, पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या बांधल्या आणि त्यांवर अंथरला. खोली खरंच गार झाली. विहारात त्यांना शाल मिळाली. मीही टाळ्या वाजवल्या. बी.एस्सी. होऊन शाळेत विज्ञान शिकवणारी मी, पण कापूस म्हटल्यावर पुढे काही विचारलंच नाही.

यंदा त्यांना धाप लागू लागली, म्हणून गंगापूर रोडच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे उजेडात धरून डॉक्टरांनी विचारलं, "पिंजारी आहेत का हे?" मी काम सांगितलं. त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. "हे बरं होणारं नाही. ती अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ थांबवा."

त्याच दुपारी करुणाला बालवाडीतून आणायला गेले. तट्ट्यांच्या फटींतून पांढरे तंतू खाली येत होते. मुलं उड्या मारून ते पकडत होती, फुंकून पुन्हा वर उडवत होती. "आई, म्हातारी बघ!" करुणा ओरडली. रुईची म्हातारी उडते, तशीच.

चांगुणावहिनींना सांगितलं तर त्या हसल्या. "तुमी शिकलेल्या बाया! कापसानं कुनी मरतं का?"

भाऊ हसले नाहीत. "बारा वर्सं खातोय मी त्यो," एवढं बोलून धाप लागली म्हणून खाली बसले. "काढला तर पोरं परत भाजतील. आन् भाईर कळलं तर नोकरी जाईल माझी. न इचारता आनलेला माल हाय, ताई."

करुणाला मी घरी ठेवलंय. बाकीची अठ्ठावीस मुलं उद्याही जातील. तो काढायचा कसा, मला माहीत नाही. झाडूनं ओढला तर सगळा अंगावर येईल.

सकाळी आधी भाऊंच्या दारात जाऊन त्यांना सांगणार आहे, की मी हे कळवतेय. मग शाळेच्या ऑफिसातून कारखाना निरीक्षकांना फोन लावणार. माल कुणी आणला, हे ते विचारतीलच.