शुक्रवारची सुई

कुठलीही वस्तू हातात घेतली की तो आधी तिच्यावर फुंकर मारायचा. तांब्याच्या तारेवर, चहाच्या कपावर, बसायच्या स्टुलावर. परतूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटार आणून टाकावी, त्यानं आतली काळी तार उपसून नवी भरावी, बटण दाबावं आणि म्हणावं, "बराबर हाय का, बघा." मोटार घरघरायला लागली की हसायचा. तुमच्या गावातही असा एक असेलच, नीट आठवून बघा.

मी तेव्हा सरकारी दवाखान्यातून नुकतीच रिटायर झालेली नर्स. अठ्ठावन्न वर्षांची कोवळी पोर! अक्कल डोक्यात मावत नव्हती आणि ती ऐकवायला हाताखाली वॉर्ड उरला नव्हता. एका दुपारी मिक्सर घेऊन दुकानात शिरले, तर हा मागच्या खोलीत बाही वर करून बसलेला. हातात इंजेक्शनची सुई, आणि तिच्यावर फुंकर.

"तोंडात काय स्पिरिट भरलंय का रे?" मी ओरडले.

"सिस्टर, हळू. भाईर गिऱ्हाईक हाय."

विजेच्या खांबावरून पडला होता, तेव्हा कमरेला दुखणं थांबवायची इंजेक्शनं दिली होती. कंबर बरी झाली, इंजेक्शन राहिलं. मग दवाखान्यातलं बंद होऊन गर्दची पुडी आली. मी त्याला नशा सोडवायच्या दवाखान्यात पाठवलं. दोनदा गेला, दोनदा परत आला.

"न्हाई सुटत ओ," तो म्हणाला. "सुटंल तव्हा सुटंल. तवर जगायचं का न्हाई?"

नोकरीत एकदा प्रशिक्षणात ऐकलं होतं, मोठ्या शहरात अशा लोकांना जुनी सुई घेऊन नवी देणारी केंद्रं असतात. आमच्या आसपास तसं काही नव्हतं. मग मीच केंद्र झाले. दर रविवारी त्याला सात कोऱ्या सुया आणि सिरिंजा द्यायच्या, वापरलेल्या सुया तेलाच्या डब्यात बंद करून परत घ्यायच्या. माझं भाषण ठरलेलं. "रोज नवी सुई. कुणाची घ्यायची न्हाई, कुणाला द्यायची न्हाई. अन् फुंकर बंद!"

"जी सिस्टर," म्हणायचा. आणि सवयीनं त्या पाकिटावरच फुंकर मारायचा.

एका सोमवारी त्यानं मला स्टीलचा डबा उघडून दाखवला. आत सिरिंजा ओळीनं निजवलेल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर वार लिहिलेला. सोम, मंगळ, बुध. अक्षर असं की शाळेच्या फळ्यावर शोभावं.

"असा नेटकेपणा माझ्या हाताखालच्या पोरींना जन्मात जमला न्हाई," मी म्हणाले. तो लाजला.

सिरिंजा भरलेल्या होत्या. मला ते दिसत होतं. पण मी शहाणी, अक्षर वाचत बसले.

त्याचं साधं होतं. पुडी यायची रविवारी. त्या दिवशी दुकान बंद, आडोसा असायचा. इतर दिवशी त्याची मुलगी शाळेतून थेट दुकानात यायची, तिच्यासमोर कालवाकालव नको. म्हणून माठातल्या पाण्यात एकदाच विरघळवून तो आठवड्याचं भरून ठेवायचा. रोज नवी सुई, हे माझं वाक्य त्यानं तंतोतंत पाळलं होतं. आणि मी कोण? सलाईनची बाटली उघडी राहिली म्हणून शिकाऊ पोरींना रडवणारी बाई.

मग त्याला ताप यायला लागला. दात वाजेपर्यंत थंडी, अंग फणफणलेलं. शुक्रवारी, नाहीतर शनिवारी. सोमवारी पुन्हा मोटार भरत बसलेला. "बराबर हाय आता, सिस्टर." मी मलेरियाचं रक्त तपासून आण म्हणाले. काही निघालं नाही. तीन आठवडे मी डासांना शिव्या दिल्या.

चौथ्या शनिवारी मी त्या दिवसाची सिरिंज उजेडात धरली. आत पाणी ताकाच्या निवळीसारखं गढूळलं होतं.

"हे कधी भरलं?"

"रविवारी. समदं रविवारीच भरून ठेवतो की."

मी तिथंच स्टुलावर बसले. त्याला सांगितलं, पाण्यात जंतू असतात, सहा दिवस डब्यात बसून ते वाढतात आणि तू ते सरळ रक्तात सोडून राह्यलास. भरलेलं कधी ठेवायचं नाही. त्याच वेळी करायचं, इंजेक्शनच्या सीलबंद पाण्यात, आणि उरलं तर ओतून द्यायचं.

त्यानं डब्यावर फुंकर मारली. "पर सुई तर नवीच व्हती ना, सिस्टर?"

उरलेली ती शनिवारची सिरिंज त्यानं माझ्यासमोर मोरीत रिकामी केली. पुढचा आठवडा तो माझ्या शब्दाबाहेर गेला नाही. पण आता ताप सोमवारी आला, आणि उतरला नाही.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसलेत. एक लहानशी नर्स सलाईनसाठी त्याच्या हातावर शीर शोधत होती. चार ठिकाणी टोचून झालं, सापडेना. पोरगी रडकुंडीला आली. त्यानं डोळे उघडले, हात तिच्याकडे फिरवला आणि अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवलं.

"हितं बघा, ताई. हितली चालू हाय अजून."

मग माझ्याकडे मान वळवली. "सिस्टर, कोणची खराब व्हती ओ? शुक्रवारचीच का? बुधवारपर्यंत बराबर असंल ना?"

खराब तर सोमवारपासूनच्या सगळ्याच होत्या. मी त्याचं पांघरूण नीट केलं.

तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याची बायको व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती, शेजारी मुलगी. पुडीचं तिला माहीत होतं, मी दिलेल्या सुयांचं नाही. तिनं मला विचारलं, "सिस्टर, तुम्ही तर सारख्या त्यांच्याकडं जायच्या. कशानं गेले ओ हे?"

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तापानं," मी म्हणाले.