अर्ध्या मापाचा ईसीजी

बेळगावातल्या एका दवाखान्यात मी आयुष्यभर ईसीजी काढले. पट्टी निघाली की कात्रीने तुकडे करायचे आणि कार्डावर डकवायचे. पट्टीच्या सुरुवातीला यंत्र मापाची खूण उमटवतं. पूर्ण मापाला ती दहा बारीक चौकोन उंच असते. कार्डावर जागा पुरत नाही म्हणून ती मी कापून टाकायचो.

बारा वर्षांपूर्वी दाजी, म्हणजे माझ्या आक्काचे यजमान, तपासायला आले. वडगावात त्यांच्या घरातच माग. त्या खडखडाटामुळे दवाखान्यातही ओरडूनच बोलायचे. त्यांच्या लाटा इतक्या उंच की एकमेकींवर चढू लागल्या, म्हणून मी माप अर्ध्यावर आणलं, म्हणजे लाटा निम्म्या उंचीच्या उमटतात. तेवढ्यात छातीच्या पहिल्या पट्टीवर दोन टोकांची रुंद लाट दिसली, सशाच्या कानांसारखी. हृदयात उजवीकडे जाणारी विजेची वाट अडली की अशी उमटते. ती ओळखल्याच्या आनंदात मी कार्ड घेऊन डॉक्टरांकडे धावलो, आणि त्यावर ‘अर्धे माप’ लिहायचं राहिलं.

डॉक्टर म्हणाले, “ससा बरोबर पकडलात! त्याची काळजी नको. लाटांची उंचीही नॉर्मल, म्हणजे हृदयाचा कप्पा वाढलेला नाही.”

घरी हात धुताना चूक लक्षात आली. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली, आणि मी गप्प बसलो.

गेल्या महिन्यात दाजींना घेऊन आक्का आणि मी नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी जुनं कार्ड नव्या ईसीजीशेजारी ठेवलं.

“ससा तोच आहे. पण डावा कप्पा एवढा जाड? हे भराभर वाढलेलं दिसतंय. बेंगळूरला पाठवावं लागेल.”

आक्काने पदर तोंडाला लावला. दाजी जन्मात पहिल्यांदा हळू बोलले, “मग माग इकू काय?”

मला राहवेना. “मॅडम, ते कार्ड अर्ध्या मापाचं आहे. मीच काढलंय. खूण कापली आणि लिहिलंही नाही.”

बाईंनी मोजपट्टी घेऊन जुन्या लाटा मोजल्या, दुप्पट केल्या. “म्हणजे तेव्हाही जाडच होता. फारसा फरक नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, इथंच करू.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आजोबा, यांची रक्तदाबाची गोळी आठ वर्षांपूर्वी सुरू झाली; तेव्हाच बोलला असता तर ती चार वर्षं आधी सुरू झाली असती.”

मी टेबलावरचं पेन घेऊन जुन्या कार्डावर ‘अर्धे माप’ लिहिलं.

दाजींचा आवाज परतला. “व्हय रं मेव्हण्या! म्हणजे माझं काळीज आधीपासनंच मोठं हाय. तुझी आक्का कवा मानतच न्हवती!”

आक्का हसली नाही.

इकोत कप्पा जाड दिसला, पण काळजीसारखं काही निघालं नाही. त्या रविवारी वडगावला गेलो, तर आक्काने दाजींना भरून चहा दिला आणि माझ्यापुढे अर्धा कप आपटला.

“तुझं माप एवढंच.”

“ऱ्हाऊ दे की गं,” दाजी ओरडले.

“तुम्ही गप बसा.”

मी तेवढाच प्यायलो. तेव्हापासून दर रविवारी जातो. परवा कप पाऊण भरला होता.