मादीच्या सुळ्यांची टोपणं

कवळीवाल्यांनी आजवर हजारो माणसांना दात दिले, पण स्वतः कधी कुणावर दात धरला नाही. इतका निरुपद्रवी माणूस शोधून सापडायचा नाही. दवाखान्यामागच्या एका अरुंद खोलीत, मेण, प्लास्टर आणि गुलाबी ॲक्रिलिकच्या वासात कवळ्या घडवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. घराबाहेर पडताना ते गॅसचं बटण तीनदा बघायचे आणि जिन्याच्या वळणावरून परत जाऊन चौथ्यांदा बघायचे. रस्ता ओलांडायचा तर लांबून येणाऱ्या सायकललाही आधी जाऊ द्यायचे. अशा माणसानं घरात पंज्याएवढा केसाळ टॅरँटुला पाळावा, हे कोडं त्यांच्या बायकोला काही सुटलं नव्हतं. लोकांच्या घरात मांजर असतं, पोपट असतो. आपल्या नशिबी आठ पायांचा कोळी, असं ती पाहुण्यांना सांगायची. तिनं घरातल्या त्या कोळ्याच्या मागच्या खोलीत पाऊल टाकायचं सोडलं, दाराखालची फट जुन्या चादरीनं बुजवली आणि विषय संपवला.

हा कोळी सहा वर्षांपूर्वी एका रुग्णानं त्यांना औषधाच्या बाटलीतून दिला, तेव्हा तो तिळाएवढा होता. त्या वयात नर की मादी हे कुणाच्या बापाला कळत नाही. पण पाळणारा प्रत्येक जण मादीच धरून चालतो, कारण मादी वीस वर्षं जगते आणि नर वयात आला की काही महिन्यांत आटोपतो. कवळीवाल्यांनीही मादीच धरली आणि नाव ठेवलं ताई. आपल्यानंतर ताई कुणाकडे जाईल हेसुद्धा त्यांनी ठरवून टाकलं होतं. भाचीकडे. भाचीला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

मग एका सकाळी ताईनं कात टाकली आणि आतून निघाला एक सडपातळ, लांबटांग्या गडी, पुढच्या दोन पायांना आकडे आणि तोंडाजवळच्या सोंडांना बोंडं आलेला. म्हणजे नर, आणि तोही पुरता वयात आलेला. कवळीवाले भिंग घेऊन अर्धा तास बघत राहिले. इतकी वर्षं जिला ताई म्हटलं तिच्या हातात आता जेमतेम सहा-आठ महिने होते. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. बायकोनं दाराबाहेरूनच विचारलं, तर म्हणाले, ताई मुलगा निघाला. हसू आवरायला तिला स्वयंपाकघरात जावं लागलं.

कोळी पाळणाऱ्या मंडळींचा गावात एक छोटा गट होता. पंधरा-वीस डोकी, महिन्यातून एकदा वाचनालयामागच्या खोलीत जमायची. तिथं बातमी फुटायला वेळ लागला नाही. लगेच निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला की त्यांच्याकडे त्याच जातीची मादी आहे, नर घेऊन या. ह्या मंडळींत एक रीत होती: ज्याचा नर, तो नर घेऊन मादीच्या घरी जाणार, पिल्लं झाली तर निम्मी त्याची, आणि मादीनं नराला खाल्लं तर त्यानं तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. शेवटचं कलम ऐकायला सोपं आहे. पाळायचं ज्याच्या वाट्याला येतं त्यालाच कळतं.

कवळीवाल्यांनी सहा आठवडे चालढकल केली. हवा बरोबर नाही, दवाखान्यात गर्दी आहे, ताईची तब्येत जरा नरम वाटते. शेवटी बायकोच म्हणाली की नाही तर नाही म्हणा, पण त्या बाईंना रोज नव्या थापा मारू नका. तेव्हा कुठे एका रविवारी ते ताईचा डबा मांडीवर धरून बसमध्ये बसले.

बाईंच्या घरी अकरा माद्या होत्या. प्रत्येकीच्या डब्यावर गोल अक्षरातली चिठ्ठी: जात, वय, मागची कात, शेवटचं जेवण. बाई बोलायला लागल्या की अठ्ठावन्न वर्षांचा माणूससुद्धा आपली नखं कापलेली आहेत ना हे बघायचा. त्यांनी मादीला आदल्या दिवशीच चार झुरळं खाऊ घातली होती, पोट भरलेलं असलं की नराला धोका कमी म्हणून. मग त्यांनी कवळीवाल्यांच्या एका हातात लांब ब्रश दिला, दुसऱ्या हातात पुठ्ठा. वेळ आली की दोघांच्या मध्ये पुठ्ठा घालायचा, एवढंच काम. ताई आत उतरला, मादीनं नुसता एक पाय हलवला आणि कवळीवाल्यांनी पुठ्ठा घातला. पुन्हा काढला, पुन्हा घातला. पाचव्या खेपेला बाईंनी पुठ्ठा काढून घेतला, ताईला डब्यात घालून झाकण लावलं आणि त्यांना घरी पाठवलं. शाळेत असते तर बाकावर उभं केलं असतं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते फक्त कवळ्या घडवणाऱ्यालाच सुचावं. कोळ्याच्या कातीबरोबर सुळ्यांची सालंही निघून येतात, हे त्यांना ठाऊक होतं. अभ्यासासाठी म्हणून त्यांनी बाईंकडून मादीची जुनी कात मागून आणली. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत भिंग लावून तिच्या सुळ्यांचं माप घेतलं, प्लास्टर ओतलं, मेण कोरलं आणि गुलाबी ॲक्रिलिकची दोन इवलीशी टोपणं तयार केली. उगाच चिडवत नाही, काम खरंच अप्रतिम होतं. आतून गुळगुळीत, बाहेरून चकाकणारी, टोकाला नावालाही धार नाही. एकतीस वर्षांत कुणी कौतुक केलं नसेल एवढं त्यांनी स्वतःचं कौतुक केलं. पुढच्या रविवारी ताईला घेऊन ते पुन्हा गेले आणि कापसाच्या डबीतून ती टोपणं काढून त्यांनी बाईंपुढे ठेवली. बाईंनी चष्मा पुसला, परत लावला, आणि विचारलं की ही घालणार कोण?

ह्या प्रश्नाचा कवळीवाल्यांनी विचारच केला नव्हता. इतकी वर्षं माणसं आपणहून आ करून समोर बसत आली होती.

"आणि समजा घातलीत," बाई म्हणाल्या, "तरी तुमचा नर मरेल. त्याच्या पायांना आकडे आहेत ना, ते कशाला आहेत? तिचे सुळे अडकवून धरायला. सुळे त्याच्या पकडीत आहेत तोवर ती चावू शकत नाही. ह्या गुळगुळीत टोपणांवरून त्याची पकड सुटेल."

कवळीवाले त्या टोपणांकडे बघत राहिले. ज्याला वाचवायचं त्याचाच घात करायला आपण इतकी मेहनत घेतली, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. खिशात डबी टाकून ते म्हणाले की सोडू या.

ताई आत उतरला. ह्या वेळी पुठ्ठा टेबलावरच होता. ताईनं पुढचे पाय मातीवर थडथड वाजवले. थांबला, पुन्हा वाजवले. तिकडून मादीनंही पाय आपटून उत्तर दिलं. बाई कुजबुजल्या की बोलावतेय. मादी उठली, सुळे फाकले, आणि ताई पळण्याऐवजी सरळ त्या सुळ्यांखाली घुसला. कवळीवाल्यांनी डोळे मिटले. बाईंनी दटावून उघडायला लावले. ताईनं दोन्ही आकड्यांत दोन्ही सुळे पेलून धरले होते आणि तिला मागं रेटत होता. घरी पाण्याच्या वाटीला बिचकणारा हाच तो. मिनिटभर, दोन मिनिटं. मग पकड सोडून तो मागं उडाला, मादी झेपावली आणि तिच्या तोंडी नुसती माती आली.

कवळीवाल्यांनी ताबडतोब पुठ्ठा घातला. जिवात जीव आला. ब्रशनं त्यांनी ताईला डब्याकडे वळवलं. ताई वळला, दोन पावलं चालला आणि परत फिरून पुठ्ठ्यावर पाय वाजवू लागला. पुन्हा वळवला, पुन्हा फिरला. तिसऱ्यांदा तर तो पुठ्ठ्यावर चढलाच. कवळीवाल्यांनी ब्रश खाली ठेवला.

"राहू दे त्याला इथं," ते म्हणाले.

"खाईल ती त्याला. आज नाही तर आठवड्यानं."

"माहीत आहे."

पुठ्ठा त्यांनी स्वतःच्या हातानं काढला. बसमध्ये रिकामा डबा मांडीवर होता आणि ते ओघळणारे डोळे पुसत होते. शेजारच्या प्रवाशानं विचारलं तेव्हा दाढ दुखतेय म्हणाले.

पुढचे दिवस बाईंचा रोज संध्याकाळी फोन यायचा. शाळेच्या हजेरीसारखा एकच शब्द: आहे. कवळीवाले बरं म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. तेराव्या संध्याकाळी तो शब्द आला नाही. ते खूप वेळ ऐकत होते. मग म्हणाले, सांगितलंत ते बरं केलंत.

बायको हातातलं काम टाकून मागच्या खोलीत आली, तेव्हा ते रिकाम्या जागेसमोर स्टुलावर बसले होते. तीही दुसरं स्टूल ओढून बसली.

"किती दिवस राहिला तिकडे?"

"बारा."

"आणि इथं?"

"सहा वर्षं. एकटा."

"मग बारा दिवस चांगले गेले म्हणायचे त्याचे," ती म्हणाली.

कवळीवाल्यांनी मान हलवली. वाईट त्यांना वाटतच होतं आणि ते पुढेही वाटणार होतं. पण पुठ्ठा काढला ह्याचं नाही.