सुपातला खडा आणि माझा डोळा

मागच्या रविवारी दुपारी औशाला आमच्या घरी मी तुरीची डाळ निवडत बसले होते. शेजारी नात, वैष्णवी, वही घेऊन. लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करून राहिली आहे, सुट्टीला आली होती... (मी चौथी शिकलेली. फोनमध्ये बोलून लिहिते, वैष्णवी चुका काढते. राहिलेल्या चुका तिच्या.)

आधीचं थोडं सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही. आमची तूर शेतातली. गिरणीतून डाळ करून आणतो, म्हणून खडे असतातच. चाळीस वर्षं निवडायचं काम माझं. सासूबाईंनी शिकवलं होतं, सूप उजेडाकडे धरायचं, डाळ बोटानं पातळ पसरायची, आणि निवडताना गप्प बसायचं. तेवढं एक मला कधी जमलं नाही.

तर झालं असं, की दिवाळीपासून वरणात खडे लागायला लागले. संक्रांतीला अहमदपूरहून माझ्या नणंदबाई आल्या, आणि पहिल्याच घासाला कट्कन आवाज... दाढेवरची कॅप हातात आली. सगळं पान तसंच राहिलं.

मला लाज वाटली, आणि त्या लाजेत मी सगळ्यांसमोर सुनेला, सुरेखाला, बोलले. "मी निवडलेल्या डाळीत तू न निवडलेली मिसळतीस. लई कंटाळा तुला कामाचा."

सुरेखा उलट बोलणारी नाही. "आत्या, डब्याला मी हात लावला न्हाई," एवढंच म्हणाली. (आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.) त्या दिवसापासून आमचं बोलणं कामापुरतं. चहा ठेवू का, गॅस आला का... दोन महिने घर असं होतं, की भांडण परवडलं असतं.

बरं, रविवारी काय झालं ते सांगते. वैष्णवीनं वहीत तीन गोल काढले, काळे भरून टाकले, आणि प्रत्येकातून एक घास तोडल्यासारखी जागा मोकळी सोडली. मला वाटलं भाकरीच काढल्या पोरीनं. "मधे काय दिसतंय?" म्हणाली. मधे चांगला पांढरा त्रिकोण होता! आणि बघते तर त्याची एकही रेघ काढलेली नाही. मी वही फिरवून फिरवून बघितली. मला इतकी मजा वाटली की स्वयंपाकघरात हाक मारली, "सुरेखा, बघ गं!" मग आठवलं, आपण बोलत नाही.

"आज्जी, डोळ्याला जे मिळत नाही ते मेंदू पदरचं घालून पुरं करतो," वैष्णवी म्हणाली. मग एक फुली आणि तिच्या उजवीकडे चार बोटांवर एक ठिपका काढला. डावा डोळा झाकून फुलीकडे बघत वही हळूहळू जवळ आणायची. आणली... ठिपका गेला! तिथं भोक नाही, डाग नाही, वहीच्या निळ्या रेघा सरळ पुढे गेलेल्या. प्रत्येकाच्या डोळ्यात अशी एक आंधळी जागा असते म्हणे, आणि आजूबाजूला जे असेल तेच मेंदू तिथं भरतो.

मी सुपाकडे बघितलं. मग विचारलं, "आणि आजूबाजूला डाळ असली तर?"

वैष्णवी हसायची थांबली. मला तोंड फिरवायला लावलं, निवडलेल्या डाळीत स्वतः सहा खडे टाकले आणि सूप माझ्यासमोर धरलं. दोन्ही डोळे उघडे. मी चार काढले आणि म्हणाले, "साफ आहे."

"हाव का? मग हे काय?" तिनं बोट ठेवलं. मी मान जरा वळवली आणि खडा डाळीतून उगवल्यासारखा समोर आला. आधी तिथं मला डाळ दिसत होती. खोटं सांगत नाही, दाणा न् दाणा दिसत होता.

मंगळवारी सुरेखाच मला एसटीनं लातूरला घेऊन गेली. दवाखान्यात एका पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालायचं, बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. मला वाटलं मी सगळे दाबले. कागद निघाला तर दोन्ही डोळ्यांच्या चित्रात, जिथं मला दिसत नाही तिथं, काळे पट्टे... काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, आणि रिकामी जागा रिकामी दिसतही नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, गेलेली नजर परत येणार नाही, पण रोज थेंब घातले तर उरलेली सांभाळता येईल.

येताना एसटीत मी सुरेखाला म्हणाले, "तुझी काही चूक नव्हती. मला दिसलं नाही, आणि जे दिसलं नाही तिथं मी तुझा कंटाळा भरला." ती म्हणाली, "तुमच्या नणंदबाईंसमोर बोलला होतात तुम्ही."

खरं होतं. चारचौघांत बोलले, तर माघारही चारचौघांतच घ्यायला पाहिजे. म्हणून रात्रीच अहमदपूरला फोन लावला, स्पीकरवर, सुरेखा भाजी चिरत होती तिथंच बसून. आणि म्हणूनच आज इथं लिहिते आहे. डाळीतले खडे माझे होते, सुरेखाचे नव्हते. तुमच्याही घरी कुणी साठीचं असेल तर डोळे तपासून घ्या, चांगलं दिसतंय म्हणत असेल तरी घ्या... मीही तसंच म्हणत होते.

आता डाळ सुरेखा निवडते. थेंबही तीच घालते. माझी मान मागे टेकवते, पापणी वर धरते आणि "हलू नका" म्हणून दटावते. तेवढा वेळ तिचं तोंड माझ्या अगदी समोर असतं. तिच्या भुवईखाली एक बारका तीळ आहे. वीस वर्षं झाली ती या घरात येऊन, आणि तो मी काल पहिल्यांदा पाहिला.